जुनं पेटंट सापडलं, आता पुढे काय?

या खेपेची बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची पेटंटं आता मोबाइलवर फुकट बघता येतात. सुबक रेखाचित्रं, प्रत्येक भागाला दिलेला आकडा, खाली शोध लावणाऱ्याची आणि साक्षीदारांची सही. उंदराचे सापळे, लोणी घुसळायची यंत्रं, मका सोलण्या, नट आवळायचे पाने, कंदील, दाढीची खोरी. माझ्याही कित्येक संध्याकाळी त्यात गेल्या आहेत, त्यामुळे ती ओढ मला समजते. पण पत्रं वाचताना दोन टोकं दिसतात. एक, शंभर वर्षांपूर्वीचं पेटंट आहे म्हणून हात लावायला घाबरणारे. दोन, शंभर वर्षांपूर्वीचंच तर आहे, म्हणून ते आपल्या नावावर करून घेऊ पाहणारे. दोघांचीही चूक होते आहे, आणि दोघांनाही मधले दलाल लुबाडतात. म्हणून आज एकत्रच उत्तरं देते.

मॅडम, मला 1907 सालचं एक अमेरिकन पेटंट सापडलं. हाताने फिरवायचं मका सोलणी यंत्र आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये बनवून विकायचं आहे. परवानगी कोणाकडे मागू? (तासगाव)

कोणाकडेही नाही. त्या काळी अमेरिकेत पेटंट मंजूर झाल्यापासून 17 वर्षं चालायचं, म्हणजे तुमचं यंत्र 1924 सालीच सगळ्यांसाठी खुलं झालं. शिवाय अमेरिकेतलं पेटंट अमेरिकेपुरतंच. भारतात त्याचा अंमल कधीच नव्हता.

एक काळजी मात्र घ्या. 1907 च्या चित्रावरून यंत्र बनवणं वेगळं आणि बाजारात आज मिळणारं यंत्र खोलून त्याची नक्कल करणं वेगळं. आजच्या यंत्रात कोणीतरी केलेल्या सुधारणेचं पेटंट चालू असू शकतं किंवा त्याच्या बाह्यरूपाची नोंदणी झालेली असू शकते. साचे बनवायला पैसे घालण्याआधी एकदा शोध करून घ्या.

मुदत संपलेलं जुनं पेटंट माझ्या नावावर भारतात घेता येईल का? इथे तर ते कोणीच घेतलेलं नाही. (पुणे, आणि हाच प्रश्न आणखी सात जणांचा)

नाही. नवेपणा जगभरातलं बघून ठरतो आणि त्याला काळाची मर्यादा नाही. 1890 साली स्वीडनमध्ये छापलेलं चित्रही तुमचा अर्ज पाडायला पुरतं. अर्जात आपणच खरे आणि पहिले संशोधक आहोत असं जाहीर करावं लागतं, हे ध्यानात ठेवा. दुसऱ्याचं चित्र समोर ठेवून त्या वाक्याखाली सही करू नका.

पण मी जुन्या यंत्रात सुधारणा केली तर? (इचलकरंजी)

तर मिळू शकतं. पेटंटांचा इतिहास बराचसा सुधारणांचाच इतिहास आहे. आपल्या पँटची चेन बघा. शिकागोच्या व्हिटकॉम्ब जडसनने 1893 साली बुटांसाठी आकड्यांची (हुकांची) एक सरकती बांधणी पेटंट केली. तिच्यातून निघालेल्या चेनी ऐन वेळी सुटायच्या. पुढे गिडियन सुंडबॅक या स्वीडनमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने आकडे काढून टाकले, समोरासमोर बसणाऱ्या दातांच्या दोन ओळी घेतल्या, इंचाला दहा दात बसवले आणि 1917 साली स्वतःचं पेटंट मिळवलं. जडसनचं काम जुनं झालं होतं, तरी सुंडबॅकचं नवं ठरलं, कारण दातांची रचना आणि त्यातून साधलेली पकड आधी कोणाला सुचली नव्हती.

मात्र प्रत्येक बदल सुधारणा ठरत नाही. आपल्याकडचं या विषयातलं सर्वात महत्त्वाचं प्रकरण वर्कशॉपमधलंच आहे आणि 1911 च्या जुन्या कायद्याखालचं आहे. भांडी लेथवर धरण्याच्या एका साधनाला 1951 साली पेटंट मिळालं होतं. मिर्झापूरचा भांड्यांचा कारखाना पेटंटाचा मालक, समोर दुसरे भांडी करणारे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1978 मध्ये ते पेटंट टिकू दिलं नाही. त्यातला बदल कसबी कारागिराला काम करता करता सुचेल असाच होता, त्याला शोध म्हणता येणार नाही, असा त्याचा आशय. त्या न्यायनिवाड्यातली कसोटी आजही रोज वापरली जाते. आजच्या कायद्यातल्या कलम 3 मध्येही स्पष्ट लिहिलं आहे की ओळखीच्या वस्तू नुसत्या एकत्र मांडल्या आणि प्रत्येक वस्तू आपापलं काम स्वतंत्रपणे करत राहिली, तर तो शोध नव्हे. कोयत्याला विजेरी बांधली तर कोयता कापतो आणि विजेरी उजेड देते. दोन्हीच्या एकत्र येण्यातून तिसरं काही घडत नाही.

तुमच्या बदलातून काही तिसरं घडतं का, हे पत्रावरून सांगता येणार नाही. यंत्र आणि जुनं पेटंट, दोन्ही घेऊन जवळच्या नोंदणीकृत पेटंट एजंटकडे जा.

पणजोबांच्या ट्रंकेत 1926 सालचा पेटंटचा कागद सापडला. मोटेच्या चाकातली सुधारणा आहे. मुंबईचे एक सल्लागार म्हणतात, 60 हजारांत ते ‘पुनरुज्जीवित’ करून देतो, पंप कंपन्यांकडून रॉयल्टी मिळेल. (सातारा)

एक रुपयाही देऊ नका.

1911 च्या कायद्यात पेटंटाची मुदत 14 वर्षं होती, 1930 साली ती 16 झाली. जास्तीत जास्त धरलं तरी पणजोबांचा हक्क 1942 च्या आसपास संपला. अपवाद म्हणून मुदतवाढ मिळाली असली, तरीही तो स्वातंत्र्यानंतर फार काळ टिकला नसता. फी न भरल्याने बंद पडलेलं पेटंट पुन्हा चालू करण्याची सोय आजच्या कायद्यात आहे, पण ती बंद पडल्यापासून 18 महिन्यांच्या आत अर्ज केला तरच, आणि मूळ मुदत शिल्लक असेल तरच. या एका खऱ्या कलमाचा आधार घेऊन हे लोक खोटं विकतात. घरात जुना कागद सापडलेल्या माणसाचं मन हळवं झालेलं असतं, आणि नेमकी त्याच वेळी ही माणसं फोन करतात. याची मला खरोखर चीड येते.

पण कागद फार मोलाचा आहे. आपल्या देशात पेटंटसदृश हक्काची सुरुवात 1856 च्या कायद्याने झाली, आणि पहिला हक्क मिळाला तो कलकत्त्याचे अभियंते जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांना, पंखा ओढायच्या यंत्रासाठी. छताला टांगलेला पंखा दोरीने ओढत बसणाऱ्या माणसाच्या जागी यंत्र! म्हणजे आपली पेटंटांची वहीच घरगुती वस्तूने उघडते. त्या वहीत मोटेचं चाक सुधारणारा तुमचा पणजोबा आहे. कागद लॅमिनेट करू नका, त्याने तो कायमचा खराब होतो. सेलोटेप लावू नका. सपाट ठेवा, उन्हापासून दूर ठेवा, चांगल्या स्कॅनरवर दोन्ही बाजू स्कॅन करा आणि कागद जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

कल्पना 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केली, आणि स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवून लिफाफा न फोडता ठेवला. हे पेटंटसारखंच चालतं ना? (नाशिक)

नाही चालत. हक्क अर्जाच्या तारखेने मिळतो, लिफाफ्यावरच्या शिक्क्याने नाही.

हळद काढणीचं अवजार बनवलं, पॉवर टिलरला जोडायचं. मागच्या डिसेंबरात कृषी प्रदर्शनात स्टॉल लावला, 11 नग विकले. व्हिडिओला चार लाख व्ह्यूज आहेत. आता एक कंपनी तसंच बनवू लागली आहे. पेटंट घेऊन तिला थांबवता येईल का? (हिंगोली)

हे पत्र वाचून वाईट वाटलं. अशी पत्रं दर महिन्याला येतात आणि माझ्या उत्तरात फारसा फरक करता येत नाही. म्हणून हे उत्तर लांबणार आहे, आणि तुमच्यापेक्षा ज्यांनी अजून व्हिडिओ टाकलेला नाही त्यांनी ते जास्त लक्षपूर्वक वाचावं.

पेटंट हा सरकारशी केलेला एक सौदा असतो. मी माझी युक्ती लिहून देतो, सगळ्यांना शिकवतो, त्या बदल्यात ठरावीक वर्षं मला एकट्याला ती वापरू द्या. आज ही वर्षं अर्जाच्या तारखेपासून 20. युक्ती आधीच जगाला दाखवून टाकली असेल, तर सौद्यात द्यायला आपल्याकडे काही उरत नाही. हा नियम नवा नाही आणि फक्त भारतातला तर मुळीच नाही.

अमेरिकेतलं एक जुनं प्रकरण सांगते. त्या काळच्या बायका कॉर्सेट घालत, कंबर आवळून धरणारी कंचुकी. तिच्यातल्या पोलादी पट्ट्या सारख्या मोडत. 1855 साली सॅम्युएल बार्न्स या माणसाने एका मैत्रिणीला न मोडणाऱ्या पट्ट्या बनवून दिल्या. तिने त्या वापरल्या, काही वर्षांनी दुसरा जोड दिला तोही वापरला. पुढे दोघांचं लग्न झालं. बार्न्सने पेटंटचा अर्ज केला 1866 साली. तो गेल्यावर त्याच्या पत्नीने नक्कल करणाऱ्यावर दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1881 साली ती हरली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात अर्जापूर्वी दोन वर्षांची सवलत होती आणि इथे अकरा वर्षं उलटली होती. पट्ट्या कोणाला दिसत नव्हत्या, कपड्यांच्या आत होत्या, वापरणारी बाई एकच होती. तरीही न्यायालय म्हणालं, गुपित ठेवण्याची कोणतीही अट न घालता वस्तू दुसऱ्याला वापरायला दिली, म्हणजे तो सार्वजनिक वापर झाला. एका बाईच्या कॉर्सेटमधली पट्टी जर सार्वजनिक ठरते, तर चार लाख लोकांनी पाहिलेल्या व्हिडिओचं काय होणार?

दुसरं उदाहरण आपल्या घरातलं, थर्मासचं. दुहेरी भिंतीमधली हवा काढून टाकलेली बाटली 1892 साली सर जेम्स ड्यूअर यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बनवली. त्यांना अतिशय थंड केलेले द्रवरूप वायू साठवायचे होते. चहा गरम ठेवायचा विचार त्यांच्या डोक्यात नव्हता, आणि पेटंट त्यांनी घेतलं नाही. बर्लिनमध्ये काचेची उपकरणं बनवणाऱ्या राइनहोल्ड बर्गरला तो विचार सुचला. काचेला धातूचं कवच आणि आधार देऊन त्याने घरात वापरण्याजोगी बाटली केली, 1903 साली जर्मनीत पेटंट मिळवलं आणि थर्मास बाजारात आला. ड्यूअर न्यायालयात गेले. बाटली मूळची त्यांची हे मान्य झालं, पण धंदा थांबवता आला नाही. मान त्यांना मिळाला आणि पैसा दुसऱ्याला गेला.

आता आपला कायदा. प्रदर्शनाला सूट आहे असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल. आहे, कलम 31 मध्ये आहे. पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून मान्य केलेल्या प्रदर्शनालाच आहे, आणि अर्ज 12 महिन्यांच्या आत आला तर. तालुक्याचं कृषी प्रदर्शन, महाविद्यालयाचा टेक-फेस्ट, यात्रेतला स्टॉल यात सहसा बसत नाहीत. शास्त्रीय संस्थेपुढे वाचलेल्या निबंधाला सवलत आहे, यूट्यूबला नाही. चाचणीसाठी चारचौघांत वापर करणं भाग असेल तर वर्षभराची मुभा आहे, पण 11 नग विकल्यावर त्याला चाचणी म्हणणं अवघड आहे.

तुमच्यापुरतं तीन गोष्टी तपासून घ्यायला हव्यात. व्हिडिओत बाहेरून न दिसणारा, आणि विकलेल्या नगांतही नसलेला असा काही भाग तुम्ही नंतर केला आहे का? त्याचा अर्ज अजून होऊ शकतो. अमेरिकेत आजही स्वतःच उघड केल्यापासून एक वर्षाची सवलत आहे, ते वर्ष संपलं का? आणि ती कंपनी तुमचं नाव, तुमची चित्रं, तुमचा व्हिडिओ वापरते आहे का? तसं असेल तर पेटंटाशिवायही वेगळी दाद मागता येते. प्रदर्शनाची पावती, विक्रीची बिलं, व्हिडिओची तारीख आणि अवजार घेऊन याच आठवड्यात एजंटला भेटा. पुढच्या हंगामानंतर नको.

आणि बाकीच्यांनी ऐका. पूर्ण अर्ज तयार नसेल तर प्राथमिक अर्ज करता येतो, त्याला प्रोव्हिजनल म्हणतात. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 1,600 रुपये आहे. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर 12 महिने मिळतात. स्टॉलच्या भाड्यापेक्षा ही रक्कम कमी आहे. आधी अर्ज करा, त्याची पावती हातात येऊ द्या, मग खुशाल व्हिडिओ टाका. त्याआधी दाखवायची वेळ आलीच, समजा फॅब्रिकेशनवाल्याला किंवा साचा करणाऱ्याला, तर गोपनीयतेच्या करारावर सही घेऊनच दाखवा. ओळखीचा आहे, कसं मागायचं, असा संकोच वाटतो हे मी रोज बघते. बार्न्सलाही वाटला असेल.

कागदाची क्लिप एका नॉर्वेजियन माणसाने शोधली आणि पेटंट घेतलं, हे खरं ना? आणि 1899 साली अमेरिकन पेटंट कार्यालयाचा प्रमुख म्हणाला होता की शोध लावण्यासारखं आता काही उरलेलं नाही, म्हणून कार्यालय बंद करा? मी शाळेत भाषणात सांगतो. (शिक्षक, रत्नागिरी)

दोन्ही सांगणं थांबवा.

नॉर्वेच्या योहान वोलर यांना 1901 साली क्लिपचं पेटंट मिळालं हे खरं. पण त्यांच्या क्लिपला आतला दुसरा वेढा नव्हता. आपण वापरतो ती ‘जेम’ क्लिप त्याआधीच इंग्लंडात प्रचारात होती आणि तिचं स्वतःचं पेटंट कोणी घेतलेलंच नाही. पेटंट होतं ते ती बनवणाऱ्या यंत्राचं, कनेटिकटच्या विल्यम मिडलब्रूक यांचं, 1899 सालचं. मुलांना हे सांगा, यात शिकण्यासारखं जास्त आहे. वस्तू खुली असूनही ती बनवण्याच्या यंत्राचं पेटंट असू शकतं. आपल्याकडच्या लघुउद्योजकांनी या बाजूने फार कमी विचार केला आहे.

पेटंट कार्यालयाचे ते प्रमुख म्हणजे चार्ल्स ड्यूएल. त्यांच्या तोंडी घातलेलं वाक्य त्यांनी म्हटल्याचा पुरावा नाही. 1940 सालीच एका अभ्यासकाने त्याचा माग काढला आणि हाती काही लागलं नाही. तरी ते फिरतंच आहे.

पितळी पंपाचा स्टोव्ह पुन्हा बनवायचा विचार आहे, ट्रेकिंगवाल्यांसाठी. ‘प्रायमस’ नाव टाकलं तर लोक लगेच ओळखतील. पेटंट संपलंय ना? (कोल्हापूर)

पेटंट संपलं, नाव संपलेलं नाही. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांचा काजळी न धरणारा स्टोव्ह 1892 चा आहे. पिन मारून बर्नर साफ करत मोठी झालेली आपली पिढी पंपाच्या कोणत्याही स्टोव्हला प्रायमस म्हणते, पण तो आजही चालू असलेला ब्रँड आहे. पेट्रोमॅक्सचंही तसंच. ट्रेडमार्क वेळेवर नूतनीकरण करत राहिलं तर कितीही वर्षं टिकतो. क्वचित एखादं नाव इतकं सर्रास होतं की कायदा ते मोकळं करतो, अमेरिकेत ‘थर्मास’चं 1963 साली तसं झालं. त्या भरवशावर तुम्ही धंदा उभा करू नका. स्वतःचं नाव शोधा, ट्रेडमार्कचा वकील गाठा, आणि दाबाखालच्या रॉकेलच्या उपकरणाला सुरक्षेची मानकं लागू आहेत, त्याची चौकशी वेगळी करा.

मोदकाचा साचा, एका वेळी पाच मोदक, पाकळ्यांचा नवा नमुना. पेटंट की आणखी काही? (महिला बचत गट, रोहा)

नमुना फक्त दिसण्याचा असेल तर पेटंट नाही, डिझाइनची नोंदणी. 10 वर्षं, पुढे 5 वाढवून मिळतात. साचा उघडण्याच्या पद्धतीत काही नवी युक्ती असेल तर पेटंटाचा विचार करता येईल.

तुमच्या पत्रामुळे मला मेलिटा बेंट्झ आठवल्या. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या गृहिणी. कॉफीत गाळ यायचा म्हणून त्यांनी मुलाच्या वहीतला टिपकागद आणि तळाला भोकं पाडलेलं पितळी भांडं घेतलं. जून 1908 मध्ये बर्लिनच्या कार्यालयात त्याची नोंद झाली, डिसेंबरात 73 फेनिग भांडवलावर घरातच कंपनी निघाली. त्यांना मिळालेली नोंदणी पूर्ण पेटंट नव्हती. छोट्या शोधांसाठी जर्मनीत एक हलका, लवकर मिळणारा हक्क होता आणि आजही आहे. भारतात असा मधला हक्क नाही. बचत गट, सुतार, लोहार यांचे बहुतेक शोध याच मापाचे असतात, आणि त्यांच्यासाठी आपल्या कायद्यात खिडकीच नाही. ती असावी असं मला मनापासून वाटतं. तोवर डिझाइनची नोंदणी करा, आणि तिलाही तोच नियम आहे: गणपतीत विक्री सुरू करण्याआधी अर्ज.

ऊस लावणीची माझी नवी पद्धत आहे. अंतर आणि सरीची दिशा यात सगळी खुबी आहे. (श्रीगोंदा)

शेतीच्या पद्धतीला भारतात पेटंट नाही, कलम 3 मध्ये तसं स्पष्ट आहे. त्या पद्धतीसाठी खास अवजार केलं असेल तर ते दाखवा.

एका संस्थेने ‘जागतिक पेटंट, 15 दिवसांत प्रमाणपत्रासह’ अशी जाहिरात केली आहे. सहसंशोधक म्हणून नाव घालायचे 8,000 रुपये. बढतीसाठी उपयोग होईल. (प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर)

जागतिक पेटंट अशी गोष्ट अस्तित्वात नाही. पीसीटी नावाचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, भारत त्यात 1998 च्या डिसेंबरपासून आहे. त्यातून एका अर्जाने अनेक देशांत जाण्याची मुदत मिळते, पेटंट मिळत नाही. ते प्रत्येक देश स्वतः तपासून देतो, किंवा नाकारतो. 15 दिवसांत जे प्रमाणपत्र येतं ते बहुधा परदेशातल्या एखाद्या डिझाइनच्या नोंदणीचं असतं, जिथे नवेपणा तपासलाच जात नाही.

आणि सर, ज्या शोधात तुमचा हात नाही त्यावर पैसे देऊन नाव घालणं हे खोटं निवेदन आहे. शिवाय भारतात राहणाऱ्या माणसाने परवानगीशिवाय, किंवा आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबल्याशिवाय, परदेशात पेटंटचा अर्ज करणं हा गुन्हा आहे. त्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. जाहिरातीत हे कुठे लिहिलं होतं का?

पेटंट मिळाल्यावर साधारण किती दिवसांत पैसे सुरू होतात? (जळगाव)

कधी कधी कधीच नाही. अलाबामाच्या मेरी अँडरसन यांनी न्यूयॉर्कच्या थंडीत पाहिलं, पुढच्या काचेवर बर्फ साचल्याने ट्रामचा चालक रस्ता बघण्यासाठी काच उघडून गारठतोय. आतून दांडी फिरवली की काच पुसली जाईल असा वायपर त्यांनी बनवून घेतला. 10 नोव्हेंबर 1903 रोजी पेटंट मिळालं. 1905 साली कॅनडातल्या एका कंपनीला विकू केलं तर त्यांनी याला बाजारमूल्य नाही असं कळवलं. 1920 साली मुदत संपली, आणि मोटारी घरोघर पोहोचल्या त्या त्यानंतर.

आपले शंकर आबाजी भिसे घ्या. मुंबईत 1867 साली जन्मले. साखर, पीठ असा किराणा आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राने त्यांना लंडनच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. छपाईचे खिळे ओतणाऱ्या त्यांच्या यंत्राला भिसोटाइप म्हणत. दादाभाई नौरोजींनी त्यांच्यासाठी भांडवल शोधलं, पुढे सर रतन टाटांनी पैसा घातला. इतकी बुद्धी, इतकी माणसं पाठीशी, तरी आयुष्यभर भांडवलाची ओढाताण सुटली नाही. म्हणून अर्ज करायच्या आधीच विचार करा, हे कोण बनवणार, कोण विकत घेणार. तिसऱ्या वर्षापासून दर वर्षी नूतनीकरणाची फी आहे, आणि ती वाढत जाते. पेटंटाच्या आशेवर घर किंवा जमीन तारण ठेवू नका, त्याआधी बँकेतल्या आणि धंद्यातल्या जाणत्या माणसाशी बोला.

मी एमआयडीसीत फिटर आहे. सुट्टीत घरी जिग (काम करताना नग पक्का धरणारं साधन) बनवला, मालकांनी कारखान्यात लावला. शोध कोणाचा? (चाकण)

संशोधक तुम्हीच, ते कोणी बदलू शकत नाही. मालकी कोणाची हे नियुक्तिपत्रात काय लिहिलं आहे यावर ठरेल, ते पत्र आधी वाचा. ओहायोमध्ये जेम्स मरे स्पँगलर दुकानात झाडलोट करायचे. धुळीने दम लागायचा म्हणून त्यांनी पंखा, ब्रश आणि उशीचा अभ्रा जोडून व्हॅक्यूम क्लीनर केला. 1908 साली पेटंट मिळालं, आणि हक्क विल्यम हूवर यांना दिला. जगाने नाव लक्षात ठेवलं ते हूवरचं. हक्क देणं वाईट नाही, पण ते लेखी, मोबदला ठरवून व्हावं. तोंडी बोलण्याला कायद्यात किंमत नाही. सही करण्याआधी वकिलाला दाखवा, आणि कारखान्यातला जिग बाहेरच्या लोकांनी बघितला असेल तर लवकर दाखवा.

जुनी पेटंटं शोधायची कशी? ‘पेरणी यंत्र’ किंवा इंग्रजीत शब्द टाकून काहीच नीट मिळत नाही. (बारामती)

शब्दांनी शोधू नका. 1976 च्या आधीची अमेरिकन पेटंटं मुळात छापील पानांची चित्रं आहेत, त्यांचा मजकूर यंत्राने वाचलेला असतो आणि तो चुकतो. वर्गीकरणाच्या खुणेने शोधा, ती जुन्या पेटंटांनाही लावलेली असते. नांगरट-मशागतीची अवजारं ए01बी, पेरणी-लावणी ए01सी, कापणी ए01डी, मळणी ए01एफ, स्वयंपाकाची उपकरणं ए47जे, पाने आणि पकडी बी25बी. या खुणा रोमन लिपीत टाकायच्या. एस्पासनेट आणि गूगल पेटंट्स ही दोन्ही संकेतस्थळं फुकट आहेत. वर्षाची मर्यादा घाला, चित्रं चाळा, जवळचं एक सापडलं की त्याच्यावर लिहिलेली पोटखूण घेऊन पुन्हा शोधा. शेवटी दिलेले दावे, म्हणजे नेमकं काय आपलं ते सांगणारी वाक्यं, वाचा, हक्क तेवढ्यापुरताच असतो, वरच्या वर्णनापुरता नाही. स्वतः केलेल्या शोधात काही सापडलं नाही म्हणजे काही नाहीच, असं मानू नका. अर्जाआधी एजंटकडून एकदा फेरशोध करून घ्या.

ब्रिटिश काळातल्या भारतीय पेटंटांसाठी कोलकात्याच्या मुख्य कार्यालयाकडे लेखी चौकशी करा. पत्रात पेटंटचा क्रमांक आणि वर्ष दोन्ही लिहा, नुसतं आजोबांचं नाव पुरत नाही.